वजन नसलं की शरीर काय काय सोडून देतं?

शेवंती
शनिवार, रात्री १०:१२

२०२५ च्या १९ मार्चला पहाटे सुनीता विल्यम्स २८६ दिवसांनी पृथ्वीवर परतल्या, तेव्हा आमच्या घरी सगळे जागे होते. यानातून एकेकाला बाहेर काढून स्ट्रेचरवर घेतलं आणि सासूबाई घाबरून म्हणाल्या, "अगं, आजारी पडली की काय ती?" हसून हात हलवणारी बाई स्वतःच्या पायांवर का उभी राहत नाही, असं दुसऱ्या दिवशी पेशंटनीही विचारलं. जुलैत शुभांशु शुक्ला आले तेव्हा पुन्हा तेच.

मी सांगलीत फिजिओथेरपिस्ट आहे. खुब्याचं हाड मोडलेली, गुडघे बदललेली, पक्षाघात झालेली माणसं पुन्हा उभी करायची, हे बावीस वर्षं माझं काम आहे. त्यामुळे त्या स्ट्रेचरकडे बघताना मला काहीच अनोळखी वाटलं नाही. सहा आठवडे पलंगावर काढलेल्या पेशंटला आम्ही पहिल्यांदा उभं करतो, तेव्हा जे होतं तेच तिथे चाललं होतं. हे कधीतरी नीट लिहावं असं तेव्हापासून मनात होतं.

आधी एक गैरसमज दूर करते. हे दोघं जिथे राहिले ते आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटरवर आहे. तिथे गुरुत्वाकर्षण संपलेलं नसतं, जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असतं. पण स्थानक ताशी सुमारे २७,६०० किलोमीटर वेगाने पुढे जातं आणि त्याच वेळी पृथ्वीकडे पडतही असतं. ते जेवढं खाली पडतं तेवढी पृथ्वीही खालून वळलेली असते, म्हणून टेकत कधीच नाही. आतला माणूसही त्याच्यासोबत पडतो आहे. तळपायाला खालून जो रेटा लागतो त्यालाच आपण वजन म्हणून ओळखतो, आणि तो रेटाच तिथे नाही. विहिरीत उडी मारल्यावर पाण्याला लागेपर्यंत पोटात जे होतं, तेच सहा-सहा महिने.

पहिल्या काही तासांत बदलतं ते पाणी. जमिनीवर रक्त आणि इतर द्रव पायांकडे ओढले जातात, आणि ते वर चढवण्यासाठी नसांतल्या झडपा, पोटऱ्यांचे स्नायू, हृदय असे सगळे राबत असतात. खालची ओढ गेली तरी वर चढवणारी यंत्रणा चालूच राहते. दोनेक लिटर द्रव पायांतून छाती-डोक्याकडे सरकतो. चेहरा फुगतो, नाक चोंदतं, पाय बारीक दिसतात. शरीराला वाटतं, पाणी जास्त झालं. थोड्या दिवसांत रक्तातला द्रव भाग १० ते १५ टक्क्यांनी उतरतो. तिथल्यापुरतं हे अगदी बरोबर आहे, अडचण येते ती परतल्यावर. पायांनी रक्त खाली ओढून घेतलं की मेंदूपर्यंत पोहोचायला पुरेसं उरत नाही आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून उतरायच्या आधी मिठाच्या गोळ्या आणि भरपूर पाणी घेतात, पायांना आवळून धरणारे कपडे घालतात, आणि खाली आल्यावर लगेच चालायला लावत नाहीत.

हाडांबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचंय.

हाड म्हणजे आत घातलेली लोखंडी सळई, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात ते रोज थोडं पाडलं जातं आणि रोज थोडं बांधलं जातं. पाडणाऱ्या पेशी वेगळ्या, बांधणाऱ्या वेगळ्या. किती बांधायचं हे ओझ्यावर ठरतं. १८९२ साली यूलियुस व्होल्फ या जर्मन शल्यविशारदाने हे मांडलं होतं. टेनिस खेळणाऱ्याच्या रॅकेट धरायच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं, ते याचमुळे. चालताना टाच आपटते, तो धक्का खुब्यापर्यंत जातो, आणि हाडातल्या पेशींना त्यातून कळतं की इथे माल लागणार आहे. अवकाशात टाच आपटतच नाही. बांधकाम मंदावतं, पाडकाम मात्र वाढतं. खुबा आणि कंबर इथलं हाड महिन्याला साधारण १ ते १.५ टक्का कमी होतं. रजोनिवृत्तीनंतर बाईचं वर्षभरात जितकं जातं, साधारण तितकं तिथे महिन्याभरात.

ते कॅल्शियम जातं कुठे? लघवीत. त्यामुळे मुतखड्याची भीती. आणि स्थानकावर लघवी शुद्ध करून पुन्हा पाणी बनवतात, ते यंत्र २००९ मध्ये कॅल्शियमचे क्षार साचून बंद पडलं होतं. लघवीत कॅल्शियम नेहमीपेक्षा जास्त येत होतं, कारण हाडं विरघळत होती. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसले होते.

१९७० च्या जूनमध्ये सोयुझ ९ मधून आंद्रियान निकोलायेव आणि विताली सेवास्त्यानोव हे दोघं जवळपास १८ दिवस वर राहिले. यान अगदी लहान, हातपाय हलवायला जागा नाही. खाली आले तेव्हा त्यांना उचलून न्यावं लागलं. उभं राहवेना, नाडी धावत होती, नेहमीसारखं व्हायला बरेच दिवस गेले. सोव्हिएत डॉक्टर हादरले आणि पुढच्या स्थानकांवर व्यायामाची साधनं सक्तीची झाली. आता दुसरं नाव घेते. वालेरी पोल्याकोव, स्वतः डॉक्टर, जानेवारी १९९४ ते मार्च १९९५ असे सलग ४३७ दिवस रशियाच्या मीर स्थानकावर राहिले. सलग मुक्कामाचा हा विक्रम आजही त्यांचाच आहे. उतरल्यावर ते यानापासून जवळच्या खुर्चीपर्यंत स्वतःच्या पायांनी गेले. १८ दिवसांनी उचलून न्यावं लागलं आणि ४३७ दिवसांनी माणूस चालला. मधली २५ वर्षं डॉक्टरांनी शरीराला ओझं कसं द्यायचं हे शिकण्यात घालवली होती.

आता स्थानकावर रोज दोन-अडीच तास व्यायामासाठी राखलेले असतात. डंबेल उचलून काही उपयोग नाही, त्याला वजनच नसतं. म्हणून हवा काढून घेतलेल्या सिलिंडरचे दट्टे ओढायचं यंत्र आहे, त्यावर पावणेतीनशे किलोच्या आसपास जोर लावता येतो. धावपट्टी आहे, तिच्यावर माणसाला खांद्या-कमरेच्या पट्ट्यांनी खाली ओढून धरतात. १६ एप्रिल २००७ ला सुनीता विल्यम्स अशाच पट्टीवर पूर्ण बोस्टन मॅरेथॉन धावल्या होत्या, ४ तास २४ मिनिटांत.

यामागे माझं स्वतःचं एक कारणही आहे. १९९६ साली माझ्या वडिलांचं मांडीचं हाड मोडलं. तेव्हा त्यांना एका दवाखान्यात पायाला वजन लावून तीन महिने झोपवून ठेवलं होतं. हाड जुळलं. पण बाकीच्या शरीराची हालचाल करून घ्यावी असं आम्हाला कुणी सांगितलं नाही. उठवायला गेलो तर मांडी माझ्या दंडाएवढी झालेली, बसवल्याबरोबर घाम फुटून शुद्ध हरपायला लागायची. ते पुन्हा धड चालले नाहीत. मी या शाखेकडे वळले ती त्यानंतर.

---

टेकडीपलीकडे
शनिवार, रात्री १०:४०

विहिरीचं उदाहरण पक्कं बसलं. वर गुरुत्वाकर्षण नसतंच असं मी आजवर मुलांना सांगत आलो. उद्या दुरुस्त करतो.

---

मुक्काम_पोस्ट_वाई
शनिवार, रात्री ११:०५

शेवंतीताई, वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. त्या काळी तसंच करत.

मी निवृत्त शिक्षक आहे. ३ एप्रिल १९८४ ला राकेश शर्मा गेले तेव्हा आमच्या आळीत एकच टीव्ही होता. खोलीत मावेनात म्हणून माणसं खिडकीबाहेर उभी. ते साल्युत ७ वर आठवडाभर होते आणि योगासनांचा तिथे काही उपयोग होतो का, याचा प्रयोग त्यांनी केला होता. मी वर्गात शीर्षासनाचं सांगायचो, तर मुलं विचारायची, "सर, तिथे उलटं कुठलं आणि सुलटं कुठलं?" तेव्हा उत्तर देता आलं नव्हतं. त्या प्रश्नाला खरं उत्तर आहे का?

---

गोदाकाठ
रविवार, सकाळी ७:२०

सर, तुमच्या मुलांनी विचारलेला प्रश्न आमच्या शाखेचा आहे. मी नाशिकला कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे.

कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणाऱ्या दोन व्यवस्था आहेत. तीन अर्धवर्तुळाकार नळ्या डोकं फिरवल्याचं सांगतात. आणि दोन लहान पिशव्यांत, चिकट पडद्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे बसलेले असतात. डोकं कलतं तसे हे खडे ओझ्याने कलतात आणि खाली कुठे आहे ते मेंदूला समजतं. वजन गेलं की खडे कुठेच टेकत नाहीत. नळ्या मात्र पूर्वीसारख्याच चालतात. म्हणजे कानाची एक खिडकी बोलते, दुसरी गप्प, आणि डोळे तिसरंच काही दाखवतात. मेंदू या विसंवादाला उत्तर देतो ते उलटीने. जाणाऱ्यांपैकी ६० ते ८० टक्के लोकांना पहिले दोन-तीन दिवस हा त्रास होतो.

पहिला नोंदलेला रुग्ण गेर्मान तितोव, ऑगस्ट १९६१, व्होस्तोक २. वय २५. त्याच्या आधी गागारिन १०८ मिनिटांतच परतले होते, त्यामुळे हे लक्षात यायला वेळच मिळाला नव्हता. तितोव दिवसभर राहिले आणि त्यांना मळमळलं. वैमानिक निवडून निवडून पाठवलेला, तरी त्याला त्रास व्हावा याचं तेव्हा फार आश्चर्य वाटलं. आज आपल्याला माहीत आहे की घाटात गाडी लागते की नाही यावरून हे आधी सांगता येत नाही.

दोन-तीन दिवसांनी मेंदू खड्यांचं ऐकणं सोडतो आणि डोळ्यांवर भिस्त ठेवतो. मग वर-खाली काही उरत नाही. ज्या बाजूला पाय तो खालचा भाग. तुमच्या मुलांना हेच उत्तर.

आता त्रास उलट बाजूने होतो. खाली आल्यावर ते खडे पुन्हा ओझ्याने ओढू लागतात आणि मेंदूला त्यांची सवय गेलेली असते. डोकं किंचित कललं तरी गडगडत गेल्यासारखं वाटतं. माझ्याकडे वर्टिगोचे पेशंट येतात, कूस बदलली की घर फिरतं म्हणतात. त्यांच्यात बहुतेकदा याच खड्यांपैकी काही सुटून नळीत गेलेले असतात. कारण निराळं, पण चेहऱ्यावरची भीती तीच. त्यांना मी कधीही म्हणत नाही की "काही नाही हो, होईल बरं." जमीनच हलते आहे असं वाटणं ही फार एकाकी करणारी गोष्ट आहे.

---

सदाफुली
रविवार, सकाळी ९:०२

खूप सुंदर धागा. दोन गोष्टी विचारायच्या होत्या.

एक, शुभांशु शुक्लांनी गाजर हलवा, मूगडाळ हलवा आणि आमरस नेला होता ना? नाक चोंदलेलं असताना चव लागते का? आणि दुसरं, पाळीचं काय करतात? हे कुठे कुणी लिहीत नाही.

---

शेवंती
रविवार, सकाळी १०:३०

चवीचं तुमचं बरोबर आहे. सर्दीत जेवण जसं सपक लागतं तसं अनेकांना तिथे लागतं, म्हणून तिखट सॉसला फार मागणी असते. त्यात अन्नाचा वास वर येऊन नाकापर्यंत पोहोचत नाही, कारण गरम हवा तिथे वर जातच नाही.

पाळीबद्दल. पाळी तिथेही तशीच येते. १९८३ मध्ये सॅली राइड पहिल्या अमेरिकन महिला म्हणून निघाल्या, तेव्हा आठवड्यासाठी शंभर टॅम्पॉन पुरतील का, असं अभियंत्यांनी त्यांना विचारलं होतं. हे त्यांनीच नंतर सांगितलं. त्या अभियंत्यांनी तोवर कोणत्याही बाईला हे विचारलेलंच नसावं. आता लांबच्या मोहिमांवर बऱ्याच जणी गर्भनिरोधक गोळ्या सलग घेऊन पाळी थांबवतात, काही जणी तशीच येऊ देतात. निर्णय त्यांचा असतो.

---

तांबडमाती
रविवार, दुपारी १२:१५

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये असते, म्हणून रक्ताचं सांगते. आपल्या शरीरात दर सेकंदाला साधारण २० लाख तांबड्या पेशी मोडतात आणि तितक्याच नव्या बनतात. २०२२ मध्ये १४ अंतराळवीरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की अवकाशात सेकंदाला ३० लाख मोडतात. आणि हे पहिल्या आठवड्यापुरतं नव्हतं, सहा महिने तसंच चालू होतं. त्यांनी ते मोजलं श्वासातल्या कार्बन मोनॉक्साइडवरून, कारण तांबड्या पेशीतलं हीम, म्हणजे लोह असलेलं रंगद्रव्य, मोडलं की त्याचा एक रेणू सुटतो. मला ही पद्धत फार आवडली. सुई न टोचता रक्ताचा हिशेब!

वर असताना ही कमतरता फारशी जाणवत नाही कारण द्रवही कमी झालेला असतो. खाली आले, पाणी प्यायले, द्रव भरून निघाला की मग रक्त पातळ पडतं आणि दम लागतो.

प्रतिकारशक्तीही उतरते. कांजिण्या, नागीण यांचे अंगात वर्षानुवर्षं दडून बसलेले विषाणू तिथे पुन्हा जागे झालेले लाळेत सापडतात.

---

चौकट
रविवार, दुपारी २:४८

सगळं वाचलं, माहिती उत्तम आहे. पण एक विचारतो, राग मानू नका. माणसाचं शरीर तिथे राहण्यासाठी बनलेलंच नाही हे इतकं उघड असताना त्याला तिथे का पाठवायचं? यंत्रं जातात की. आमच्या तालुक्यात हाडांचा डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो.

---

शेवंती
रविवार, दुपारी ४:१०

राग कशाला. तुमच्या तालुक्यातल्या पेशंटसारखे लोक माझ्याकडे दोन एसट्या बदलून येतात, त्यामुळे तुम्ही म्हणताय ते मी रोज बघते.

पण एक प्रसंग सांगते. २०२० साली एका वैद्यकीय नियतकालिकात एका अंतराळवीराची केस आली, नाव दिलेलं नव्हतं. सहा महिन्यांच्या मोहिमेत दोनेक महिने झाल्यावर, संशोधनासाठी मानेच्या नसांची सोनोग्राफी चालू होती आणि डाव्या बाजूच्या शिरेत रक्ताची गुठळी दिसली. काहीही त्रास होत नव्हता. अंतराळवीराच्याच हातात सोनोग्राफीचं यंत्र, आणि पृथ्वीवरचे तज्ज्ञ पडद्यावर बघून सांगताहेत, इकडे सरकव, तिकडे दाब. स्थानकावरच्या पेटीत रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनच्या मोजक्या कुप्या होत्या. त्या पुरवून पुरवून वापरल्या, तोवर मालवाहू यानातून गोळ्या पोहोचल्या. माणूस सुखरूप आला. जो सोनोग्राफीचा तज्ज्ञ नाही अशा माणसाकडून, डॉक्टर शेकडो किलोमीटर लांब असताना, योग्य चित्र काढून घ्यायचं. हे तुमच्या तालुक्याला लागणारंच कौशल्य आहे, आणि ते तिथे कसाला लागलं.

दुसरं. जर्मनीत कोलोनला निरोगी स्वयंसेवकांना ६० दिवस पलंगावर झोपवून ठेवतात. पलंगाचं डोकं सहा अंशांनी खाली, जेवण-आंघोळ सगळं झोपूनच. वजनरहित अवस्थेची नक्कल म्हणून हे करतात. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं नेमकं काय आणि किती लवकर जातं, याची मोजमापं आम्हाला अशा प्रयोगांतूनही मिळाली. आजारी माणसात हे वेगळं काढता येत नाही, कारण आजारानेही बरंच काही होत असतं. पेशंटला लवकर उठवा असं मी आज ठामपणे सांगते, त्यामागे ही माणसं आहेत.

यंत्रं पाठवायला माझी हरकत नाही. पण या कामातून माझ्या पेशंटना मिळालेलं मी नाकारू शकत नाही.

---

चौकट
रविवार, सायंकाळी ५:३०

सोनोग्राफीचं पटलं. खर्चाबद्दलचं माझं मत अजून तेच आहे, पण हा मुद्दा माहीत नव्हता.

---

अनघड
रविवार, रात्री ८:०५

मी मेकॅनिकल इंजिनियर. स्थानकच गोल फिरवलं तर? केंद्रापासून बाहेर ढकललं जाईल, पाय भिंतीवर टेकतील, वजन मिळेल. मग हा व्यायामाचा खटाटोप नको.

गणित करून बघितलं. मिनिटाला दोन फेरे धरले आणि पृथ्वीइतकंच वजन हवं असेल, तर त्रिज्या २२४ मीटर लागते. चार फेरे धरले तर ५६ मीटर. त्याहून वेगाने फिरवलं तर डोकं वळवताच कानातल्या नळ्या गोंधळतील, असं वरचा गोदाकाठ यांचा प्रतिसाद वाचून वाटतंय. शिवाय त्रिज्या लहान असेल तर पायाला जास्त वजन आणि डोक्याला कमी. २२४ मीटर म्हणजे टोकापासून टोकापर्यंत जवळपास अर्धा किलोमीटर. आजचं स्थानक टोकाटोकाला मोजलं तर १०९ मीटर आहे, तेही अनेक वर्षं तुकडे जोडत उभं राहिलंय.

---

गोदाकाठ
रविवार, रात्री ९:१२

अनघड, गणित बरोबर आणि शंकाही बरोबर. फिरत्या खोलीत माणसं ठेवून प्रयोग झालेत. सावकाश वाढवत नेलं तर माणूस बऱ्यापैकी जुळवून घेतो, पण एकदम वेग दिला तर उलट्या.

---

टेकडीपलीकडे
रविवार, रात्री ९:५०

तिथे वय वाढत नाही असं मुलगी म्हणते. आणि डोळे जातात असंही वाचलं. खरं काय?

---

शेवंती
रविवार, रात्री ११:२०

वय. सापेक्षतेमुळे, म्हणजे वेगाने जाणाऱ्याचं घड्याळ किंचित सावकाश चालतं म्हणून, सहा महिने स्थानकावर राहिलेला माणूस आपल्यापेक्षा सेकंदाच्या सुमारे दोनशेव्या भागाने तरुण राहतो. तेवढंच. शरीराचं मात्र निराळं आहे. स्कॉट केली २०१५-१६ मध्ये ३४० दिवस वर होते, त्यांचे जुळे भाऊ मार्क, तेही अंतराळवीर, त्या काळात खाली. दोघांची सगळ्या बाजूंनी तपासणी झाली, २०१९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. गुणसूत्रांच्या टोकांना टोपणं असतात, वयासोबत ती आखूड होतात. स्कॉटची ती वर असताना लांबली! सगळ्यांनाच नवल वाटलं. पण परतल्यावर दोन दिवसांत झपाट्याने आखूड झाली, आणि काही तर आधीपेक्षाही. म्हणून यातून तारुण्य मिळतं असं मुलीला सांगू नका. त्यांच्या तळपायांची जाड कातडी सोलून लहान बाळासारखी झाली होती आणि पावलांच्या वरच्या बाजूला, दांड्यांत अडकवून अडकवून, घट्टे पडले होते. पेशंटचे पाय बघताना मला हे नेहमी आठवतं.

डोळे. हे खरं आहे आणि यातलं सगळ्यात काळजीचं मला हेच वाटतं. लांब मोहिमेनंतर काहींना जवळचं नीट दिसेनासं होतं. बुबुळामागचा गोल भाग किंचित चपटा होतो, डोळ्याची नस जिथे आत शिरते तिथे सूज येते. २०११ मध्ये सात अंतराळवीरांवरचा लेख आला तेव्हा याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. डोक्याकडे सरकलेलं पाणी हे मुख्य कारण मानतात. आपण दिवसभर उभे आणि रात्री आडवे, म्हणजे डोक्याला दिवसा उसंत मिळते. तिथे चोवीस तास आडवं असल्यासारखंच. आता सोबत नंबर बदलता येणारे चष्मे नेतात. व्यायामाने हाडं बरीच राखता आली, डोळ्यांवर तसा उपाय हाताशी आलेला नाही.

हाडांबद्दल एक राहिलं. १७ अंतराळवीरांची खाली आल्यावर वर्षभराने पुन्हा तपासणी केली, तर त्यातल्या नऊ जणांची नडगी पूर्ण भरून आली नव्हती. व्यायाम करूनसुद्धा. स्नायू काही महिन्यांत परत येतात, हाड फार सावकाश. त्यातही हाडाच्या आतल्या बारीक जाळीतले जे धागे एकदा तुटले ते तसेच पुन्हा विणले जात नाहीत, उरलेले जाड होतात.

---

अनघड
रविवार, रात्री ११:५८

मग मंगळावर?

---

शेवंती
सोमवार, सकाळी ६:४५

जायला सहा ते नऊ महिने. किरणोत्सार वेगळाच. क्युरिओसिटी गाडी मंगळाकडे जाताना तिच्यावरच्या यंत्राने तो दिवसाला सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराचं माप) मोजला, आपल्याला जमिनीवर नैसर्गिकरीत्या वर्षभरात मिळतो साधारण २.४. पण मी माझ्याच विषयापुरतं बोलते. मंगळावर उतरल्यावर स्ट्रेचर घेऊन धावणारं कुणी नसेल. यानातून बाहेर पडून, जड पोशाखात, पहिल्याच दिवशी कामाला लागायचं. मंगळावर वजन पृथ्वीच्या ३८ टक्के. तेवढं ओझं हाडाला पुरेल का? आजवर माणसाने दीर्घकाळ काढलाय तो एकतर पूर्ण वजनात नाहीतर शून्यात. मधल्या पायरीवर, म्हणजे चंद्रावर, सगळ्यात लांबचा मुक्काम अपोलो १७ चा, तोही जेमतेम तीन दिवस. हाडाला तीन दिवसांत काही कळत नाही.

---

पाणवठा
सोमवार, सकाळी ८:३०

नेहमी फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहितेय. माझ्या आईचं वय ७८. तीन आठवड्यांपूर्वी खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले होते की उठवा, पण आई घाबरते आणि आम्हीही घाबरतो. एकदा बसवलं तर पांढरीफटक पडली, घाम आला, म्हणून परत झोपवली. तेव्हापासून झोपूनच आहे. तिला वाटतं ऑपरेशन बिघडलंय. तुमचा लेख काल रात्री तिला वाचून दाखवला. सुनीता विल्यम्सलाही अंधारी येते हे ऐकून म्हणाली, "मग मला येईल नाही तर काय!"

काय करू?

---

शेवंती
सोमवार, सकाळी ९:०५

ताई, आधी ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना आजच फोन करा. पायावर किती वजन टाकायचं हे त्यांनाच माहीत असतं, आणि घामाचं, पांढरं पडल्याचंही सांगा, दुसरं काही कारण नाही ना ते ते बघतील. पोटरी एका बाजूची सुजली, दुखली किंवा एकाएकी धाप लागली तर थांबू नका, थेट घेऊन जा. ते हो म्हणाले की जवळचा फिजिओथेरपिस्ट घरी बोलवा.

तोवर झोपल्या झोपल्या पावलं वर-खाली हलवायला सांगा, दर तासाला वीसेक वेळा. पोटरी हलली की रक्त वर चढतं. बसवताना एकदम नको. आधी पाठीमागे उशा लावून अर्धं बसवा, दहा मिनिटं थांबा, अंधारी येत नसेल तर मगच पाय खाली सोडून. तिथे स्टुल ठेवा म्हणजे पाय लोंबणार नाहीत, टेकतील. पाणी नीट प्यायला द्या. अंधारी आली तर मागे टेकवा, पाच मिनिटांनी पुन्हा. ऑपरेशन बिघडलं म्हणून हे होतंय असं समजू नका. तीन आठवडे आडवं राहिल्याने त्यांच्या नसा रक्त वर ढकलायचं विसरल्यात, आणि ते परत शिकवता येतं. आईंना माझा नमस्कार सांगा.

---

पाणवठा
बुधवार, रात्री ९:४०

डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाले, वजन टाकायलाही हो म्हणाले. काल फिजिओथेरपिस्ट आल्या. काल उशा लावून बसली. आज पाय खाली सोडून बसली, पावलं स्टुलावर टेकवून, सात मिनिटं. तिसऱ्या मिनिटाला डोळे मिटले होते तिने, मी हात धरून होते. मग उघडले आणि म्हणाली, चहा इथेच आण.